स्वभाव मुलाचा, जुळणी घराची

एकाच घरातली दोन भावंडं. आई-वडील तेच, वरणभात तोच, शाळाही तीच. थोरलीला पाळण्यात ठेवलं की ती झोपायची. धाकट्याला रात्री दोनपर्यंत खांद्यावर घेऊन फिरावं लागायचं. थोरली कुणाकडेही जायची. धाकटा पाहुणे दारात दिसले की आईच्या पदराआड लपायचा. दोन मुलं वाढवलेल्या बहुतेक आई-वडिलांच्या हे ओळखीचं असतं. तरीही दुसऱ्याचं काही बिनसलं की मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की आमचं काय चुकलं? नातेवाइकांकडे तर उत्तरं तयारच असतात. कुणी म्हणतं लाडावून ठेवलाय, कुणी म्हणतं बापावर गेलाय.

या दोन्ही उत्तरांनी पालकांचं नुकसान होतं. पहिल्यात सगळा दोष घराच्या माथी येतो, दुसऱ्यात घराच्या हाती काही उरतच नाही. मुलांच्या मनाविषयी गेल्या सत्तर वर्षांत जे समजलं, त्यातली मला सर्वांत उपयोगाची वाटणारी गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. मूल कसा स्वभाव घेऊन आलं आणि घर त्याच्याकडून काय मागतं, या दोन्हींची जुळणी कशी आहे यावर पुष्कळ काही ठरतं. स्वभाव हुकमाने बदलत नाही. जुळणी मात्र बदलता येते आणि ते काम मोठ्यांचं आहे.

हा विचार ज्यांनी मांडला ते अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे मानसोपचारतज्ज्ञ पती-पत्नी. त्यांनी १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १३३ मुलांचा अभ्यास सुरू केला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत चालू ठेवला. त्या काळी मुलात काही वावगं दिसलं की बोट आईकडेच जायचं, आणि हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी तान्ह्या बाळांच्या वागण्यातले नऊ पैलू टिपले. अंगात चळवळ किती, झोप आणि भूक ठरल्या वेळी लागते का, नव्या गोष्टीकडे बाळ झेपावतं की मागे सरतं, बदलाला सरावायला किती दिवस घेतं, आवाज-उजेड-स्पर्श किती चटकन जाणवतात, राग आणि आनंद किती जोरात बाहेर येतात, एरवीचा नूर कसा असतो, लक्ष किती लवकर उडतं आणि हाती घेतलेलं किती वेळ धरून ठेवतं. यातली सुमारे ४० टक्के मुलं सांभाळायला सोपी निघाली, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू खुलणारी. उरलेली ३५ टक्के कुठल्याच गटात नीट बसेनात, आणि आपल्यापैकी पुष्कळांची मुलं याच शेवटच्या गटातली असतील.

अवघड गटातल्या सुमारे ७० टक्के मुलांना पुढे वागणुकीच्या अडचणी आल्या. एवढंच ऐकलं तर स्वभावाला औषध नाही, हे खरंच वाटेल. पण त्याच शहरात प्वेर्तो रिकोहून आलेली कामगार कुटुंबं राहत होती आणि थॉमस-चेस यांनी त्यांचाही मागोवा घेतला. या घरांमध्ये मुलाच्या झोपेची वेळ ठरलेली नसणं कुणाला खटकतच नव्हतं. मूल पेंगलं की झोपायचं. त्यामुळे ज्या अनियमित झोपेने इतर घरांत रोज रात्री रडारड होत होती, तिची इथे तक्रारच नव्हती. पुढे शाळा सुरू झाली, सकाळी ठरल्या वेळी उठणं आलं, आणि तीच सवय याही घरांत डोकेदुखी झाली. मूल तेच होतं, मागणी नवी होती.

म्हणून सुरुवात मुलाला सुधारण्यापासून करू नका. आठवडाभर फक्त बघा आणि घरात ठिणगी कुठे पडते ते वहीत लिहा. बहुतेक घरांत जागा तीन-चारच असतात: सकाळची शाळेची तयारी, जेवणाचं ताट, मोबाइल किंवा टीव्ही बंद करायची वेळ, रात्रीची झोप. मग प्रत्येक नोंदीपुढे लिहा, की त्या क्षणी आपण काय मागत होतो आणि मुलाच्या कुठल्या स्वभावाला ते जड गेलं. रोज सकाळी गणवेश घालताना रडणाऱ्या मुलीला कॉलरमागचं लेबल खरोखरच टोचत असू शकतं. तिची त्वचा तेवढी जागी आहे. त्याला नखरे म्हणून पंधरा मिनिटं भांडण्यापेक्षा लेबल कापायला अर्धं मिनिट लागतं. ज्याला एका कामातून दुसऱ्यात जायला वेळ लागतो, त्याला ‘ऊठ, चल’ म्हणण्याआधी दहा मिनिटं आणि मग दोन मिनिटं अशी दोनदा कल्पना द्या. मागणी सोडून द्यायची गरज नाही. शाळेत वेळेवर जायचंच आहे. फक्त मागणीची वेळ, तिचा आवाज आणि तिची पद्धत बदलायची आहे.

हळूहळू खुलणाऱ्या मुलांबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण आपल्याकडे त्यांचे हाल अगदी प्रेमाने होतात. लग्नघरात पाऊल टाकताच पाच-सहा चेहरे एकदम जवळ येतात. ‘ओळखलंस का मला? मामी आहे मी तुझी. बोलत नाही वाटतं? जा, त्या ताईसारखं गाणं म्हणून दाखव बघू.’ मूल आणखी आक्रसतं. आई ओशाळून म्हणते, ‘लाजाळूच आहे हो तो पहिल्यापासून.’ चार वर्षांच्या मुलाला हे सगळं ऐकू येत असतं आणि आपण कोण आहोत याची पहिली ओळख तो इथेच पाठ करत असतो.

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज ऐकवले, नवे वास दिले आणि हलणारी रंगीत खेळणी दाखवली. सुमारे २० टक्के बाळं हातपाय झाडून रडू लागली. पुढे दुसऱ्या वर्षी अनोळखी माणसांना आणि जागांना बिचकण्याकडे याच मुलांचा कल अधिक दिसला, पण सगळ्यांचा नाही. ज्या घरांनी अशा बाळाला प्रत्येक छोट्या धक्क्यापासून वाचवलं, तिथे भीती टिकून राहिली. जिथे आईने प्रेमाने, पण ठामपणे लहानलहान अपेक्षा ठेवल्या, तिथे ती बरीच ओसरली. म्हणजे मुलाला पुढे ढकलणं जितकं चूक, तितकंच त्याला कायम पदराआड ठेवणंही चूक.

मग करायचं काय? कार्यक्रमाला गर्दी व्हायच्या आधी पोचा, म्हणजे जागा ओळखीची होते आणि माणसं एकेक करून येतात. पहिला अर्धा तास मुलाला जवळ राहू द्या, त्यावर शेरा मारू नका. मग त्याच्या हाती काम द्या: अक्षता वाटायच्या, अत्तरदाणी धरायची, संक्रांतीला तिळगूळ द्यायचा. हातात काम असलं की बोलण्याची सक्ती राहत नाही आणि माणसांशी गाठ मात्र पडते. मामीला तुम्हीच सांगा, ‘त्याला थोडा वेळ लागतो, मग तो छान बोलतो.’ यात खोटं काही नाही. जूनमध्ये नवी शाळा किंवा नवा वर्ग असेल तर मे महिन्यातच एकदा रिकाम्या शाळेच्या आवारात फिरवून आणा आणि वर्गशिक्षिकांना याच शब्दांत कल्पना द्या.

शांत मुलाकडे बघायची नजरही काळाप्रमाणे बदलते. शिन्यिन चेन आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या शहरी शाळकरी मुलांच्या वेगवेगळ्या पिढ्या तपासल्या. १९९० च्या मुलांमध्ये बुजरेपणा आणि शाळेतलं यश हातात हात घालून जात होते. शिक्षकांना आणि सोबत्यांनाही अशी मुलं आवडत होती. २००२ पर्यंत शहरांतलं जगणं स्पर्धेचं झालं आणि तेच बुजरेपण सोबत्यांच्या नापसंतीशी, खिन्नतेशी जोडलं गेलं. आपल्याकडे जे मूल आजीच्या तोंडी ‘गुणी, शांत’ होतं, त्याच्याबद्दल आज पालकसभेत ‘कॉन्फिडन्स कमी आहे’ असं ऐकू येतं, आणि लगेच व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात नाव घातलं जातं. शिबिराला माझा विरोध नाही. पण आधी एवढं विचारा, की मुलाला काही अडतंय का? त्याला एक-दोन जिवाभावाचे मित्र आहेत, बाईंना शंका विचारता येते, आवडीच्या गोष्टीत तो रमतो, मग त्याला बोलका करण्याची घाई कुणासाठी?

दुसऱ्या टोकाला आहे तापट, सगळं जोरात व्यक्त करणारं मूल. इथे घर एका सापळ्यात अडकतं, तो ओरेगॉनच्या जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या घरी जाऊन बारकाईने टिपला. आई मोबाइल बंद कर म्हणते. मुलगा ओरडतो. आई आवाज चढवते, तो त्याहून मोठ्याने किंचाळतो, वस्तू फेकतो. शेवटी थकलेली आई म्हणते, घे बाबा, पण गप्प बस. घर शांत होतं. मुलगा शिकला की किंचाळलं की मिळतं. आईही शिकली की दिलं की शांतता मिळते. दोघांनाही बक्षीस मिळालं, म्हणून उद्या दोघं तिथूनच पुढे सुरू करतील. काही दिवस हेच उलट्या बाजूने होतं: वडील ओरडतात, मुलगा दबतो, आणि मोठ्याने ओरडणाऱ्याचं चालतं हाच धडा पक्का होतो. धपाट्याचंही तेच. त्याने तो क्षण थांबतो, राग मुरतो.

यातून सुटायची वाट वादळाच्या आधी असते, वादळात नसते. दिवसभरातले ‘नाही’ मोजा आणि त्यातले अर्धे काढून टाका. ज्यांवर ठाम राहणं जमणार नाही ते म्हणूच नका. जे द्यायचंच आहे ते ओरडण्याआधी द्या. मोबाइल किती वेळ, हे हातात देण्याआधी ठरवा, आणि वेळ संपली की आवाज न चढवता, एकाच वाक्यात सांगून काढून घ्या. पहिले काही दिवस किंचाळणं वाढेल, कारण आधी चालणारा उपाय मुलगा जोर लावून बघणार. त्या दिवसांत आजी, आत्या, शेजारची वहिनी सगळ्यांनी एकच सांगायला हवं. तो शांत झाल्यावर उपदेश नको, पाणी द्या, जवळ बसा. आणि दिवसातून एकदा तरी तो साध्या आवाजात काही मागेल, तेव्हा लगेच लक्ष द्या. हे आपण नेमकं विसरतो.

शिस्त सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, हे ग्राझिना कोहान्स्का यांच्या कामातून स्पष्ट दिसलं. भित्र्या स्वभावाच्या लहान मुलांमध्ये सौम्य शब्दांनी बरं-वाईट नीट रुजतं. त्यांना एरवीच एवढं वाईट वाटत असतं, की रागावणं वाढलं तर भीतीच शिल्लक राहते, मुद्दा राहत नाही. न घाबरणाऱ्या, बिनधास्त मुलांवर ना सौम्य बोलण्याचा विशेष परिणाम होतो ना धाकाचा. ती ऐकतात ते नात्यामुळे. ज्या आईशी जमतं, जिच्यासोबत खेळायला मजा येते, तिचं मन मोडायला त्यांना आवडत नाही. म्हणून दांडगट मुलासोबत रोज वीस मिनिटं क्रिकेट खेळणं, पोळ्या लाटणं, सायकल पुसणं ही त्याची शिस्तच आहे असं समजा.

याच्याही पुढे जाणारी एक गोष्ट मानसशास्त्रज्ञ जे बेल्स्की आणि त्यांच्या क्षेत्रातल्या इतरांनी दाखवली. ज्या मुलांना वाईट वातावरणाचा सर्वाधिक त्रास होतो, त्यांतल्या अनेकांना चांगल्या वातावरणाचा फायदाही इतरांहून जास्त होतो. रडकं, हळवं, फार लागून घेणारं मूल कमजोर नसतं. त्याच्यापर्यंत सगळं अधिक पोचतं, चांगलंही आणि वाईटही. तुमच्याकडे वेळ आणि ताकद थोडीच उरत असेल, आणि नोकरी, लोकलचा प्रवास, स्वयंपाक यांतून ती थोडीच उरते, तर ती आधी या मुलावर खर्च करा.

आता घराच्या वातावरणाकडे. भांडणाशिवायचं घर नसतं आणि मुलांना तसं घर लागतही नाही. मार्क कमिंग्ज यांनी आई-वडिलांच्या वादांचा मुलांवर होणारा परिणाम वर्षानुवर्षं अभ्यासला. त्यांना दिसलं, की वाद मिटताना मुलांनी पाहिला तर त्यांचा ताण बराच उतरतो. तेव्हा मुलांसमोर भांडलात तर समेटही त्यांच्यासमोर करा, निदान ‘आमचं मिटलं’ एवढं तरी सांगा. अबोला मात्र अतिशय घातक. चार दिवस आई-बाबा एकमेकांशी मुलामार्फत बोलतात, ‘बाबांना सांग जेवण वाढलंय’, तेव्हा त्या मुलाच्या पोटात गोळा असतो, आणि हळवं मूल असेल तर खरोखरच पोट दुखतं. घरात मारहाण होत असेल तर तो जुळणीचा प्रश्न नाही. तिथे १८१ या महिला हेल्पलाइनची मदत घ्यायला हवी.

घर लहान असणं ही अडचण आहेच. एका खोलीत टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या आणि अभ्यास एकत्र चालतो, आणि आवाजाने त्रासणाऱ्या मुलाला तिथून पळायला जागा नसते. जागा वाढवता येत नाही, पण रोज एक तास टीव्ही बंद ठेवता येतो. कपाटाआडचा कोपरा ‘त्याचा’ म्हणून देता येतो, तिथे त्याला कुणी हाक मारायची नाही.

हवाई बेटांतल्या काउआईवर एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मोठेपणीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आई-वडिलांचे आजार अशी अनेक संकटं एकत्र असलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट, समाधानी माणसं झाली. त्यांच्या बाजूने दोन गोष्टी वारंवार दिसल्या: माणसं जोडणारा स्वभाव, आणि निदान एका मोठ्या माणसाशी घट्ट नातं. ते माणूस पुष्कळदा आजी किंवा आजोबा होतं. म्हणून मुलाचं तुमच्याशी जमत नसेल आणि आजोबांशी जमत असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. झटपट आवरणाऱ्या वडिलांना संथ मुलाचा अभ्यास घेताना रोज संताप येत असेल, तर अभ्यास आत्याने घ्यावा आणि वडिलांनी त्याला पोहायला न्यावं. दोघांत वाईट कुणीच नाही, चाल वेगळी आहे.

बारा-तेराव्या वर्षी ही जुळणी पुन्हा तपासावी लागते. झोपेपासून सुरुवात करा. वयात येताना शरीराचं घड्याळ साधारण दोन तासांपर्यंत पुढे सरकतं. रात्री अकराला झोप न येणं हा त्या वयाचा धर्मच आहे. गरज मात्र रोज आठ ते दहा तासांची असते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते चांगलंच केलं. पण सकाळी सातचं सत्र आणि रात्री नऊपर्यंतचा क्लास यांत पिचणारी नववी-दहावीची मुलं त्यात आली नाहीत. शाळेची वेळ तुमच्या हाती नसेल, क्लासची असते. झोपेवर घाला घालणारी बॅच निवडू नका. चिडचिड, विसरभोळेपणा, ‘आळस’ यातलं बरंच काही स्वभाव नसून राहिलेली झोप असते.

दुसरी गोष्ट म्हणजे माहिती. मूल कुठे जातं, कुणाशी बोलतं हे कळावं म्हणून मोबाइल तपासणारे पालक मी बघते, त्यांची काळजी खरी असते. पण स्वीडनमध्ये हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांना २००० मध्ये असं दिसलं, की पालकांना मुलांबद्दल जे माहीत असतं ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं, पाळत ठेवून मिळालेलं नसतं. म्हणून मुलगी पहिल्यांदा काही अडचणीचं सांगेल, चाचणीत कमी गुण, मैत्रिणीशी तुटलं, कुणी तरी आवडतं, तेव्हा तुमचा चेहरा काय सांगतो यावर पुढची बातमी तुमच्यापर्यंत येणार की नाही हे ठरतं. समोरासमोर बसवून ‘बोल आता’ म्हणण्याने अबोल मुलगा आणखी मिटतो. दुचाकीवर मागे बसलेला असताना, भाजी निवडताना, रात्री गच्चीवर, जिथे डोळ्यांत डोळे घालायचे नसतात, तिथे तो बोलतो.

आणि सोप्या मुलांकडे लक्ष द्या. ‘आमच्या मुलीचा काही त्रासच नाही’ असं अभिमानाने सांगितलं जातं, तेव्हा मला काळजी वाटते. सगळ्यांशी जुळवून घेणारी मुलगी दहावीनंतर विज्ञान शाखेचं, मग प्रवेश परीक्षांचं ओझं न कुरकुरता उचलते, कारण नाही म्हणणं तिला कधी लागलंच नाही. थॉमस आणि चेस यांच्याकडेही काही सोपी मुलं अडचणीत आली होती. तिला ‘सगळं ठीक ना?’ असं विचारू नका, ती हो म्हणेल. ‘या आठवड्यात सगळ्यांत कंटाळवाणं काय होतं?’ असं विचारा, आणि तिने नापसंती सांगितली की ती मान्य करून एखादी गोष्ट खरोखर बदला.

स्वभाव आणि आजार यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. स्वभाव वर्षानुवर्षं दिसत आलेला असतो; आजार म्हणजे त्या मुलात झालेला बदल. बोलकी मुलगी गप्प झाली, घुमा मुलगा आपल्या दोन मित्रांनाही टाळू लागला, झोप-भूक बिघडली, आवडीचं सुटलं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून थांबू नका. निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले होते. जगायचा कंटाळा आलाय असं मूल बोललं, किंवा तशी शंका आली, तर सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट एकटेपण कमी होतं. तसं असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येतं, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार मिळतात.

डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाताना एक कागद न्या. मूल तान्हेपणी कसं होतं, शाळेत कसं रुळलं, रागावलं की काय करायचं, कुणाशी सर्वांत जमतं, आणि आता नेमकं काय, कधीपासून बदललं, एवढं त्यावर असू द्या. निघण्याआधी तो कागद मुलालाच वाचायला द्या. त्याला जे पटणार नाही त्यापुढे त्याचं म्हणणं त्याच्याच अक्षरात लिहू द्या, आणि तुमचं वाक्य खोडू नका. डॉक्टरांना दोन्ही वाचायची असतात.